अवध्य दूत

दुःखाची थोरवी गाणारे लोक बहुधा सुखवस्तु असतात, आणि वेदनेचें तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांचे दांत बहुधा शाबूत असतात, असें माझें पुष्कळ दिवसांचें निरीक्षण आहे. वेदना हा शरीराचा पहारेकरी होय. तो नसता तर मनुष्यानें विस्तवांतून हात वेळेवर काढला नसता. पायांत रुतलेल्या कांट्याची वार्ता जो मेंदूकडे पोंचवितो त्याला वैरी न म्हणतां हितकर्ता म्हटलें पाहिजे, हा युक्तिवाद आपण सर्वांनीं ऐकलेला आहे, आणि तो असत्य आहे असें मीहि म्हणणार नाहीं. परंतु पहारेकऱ्याचें काम हांक मारून यजमानाला जागें करण्याचें असतें. यजमान उठला, त्यानें दिवा लावला, चोरानें काय नेलें हें पाहिलें, आणि गेलेली वस्तु परत मिळणें नाहीं हेंहि त्याला कळून चुकलें. तरी पहारेकरी पहांटेपर्यंत, आणि पुढें वर्षामागून वर्षें, तीच हांक मारीत राहिला, तर त्या घरांतील माणसांनीं त्याचे आभार किती दिवस मानावे? म्हातारपणच्या गुडघेदुखींत नेमकें हेंच घडतें. सांधा झिजला ही बातमी खरी असते. पण ती शिळी असते, आणि ती दर पावलागणिक नव्यानें सांगितली जाते.

आपल्या भाषेनें गुडघ्याला फारसा मान दिलेला नाहीं. हृदय, नेत्र, कर, चरण यांच्या वर्णनानें कवींनीं ग्रंथच्या ग्रंथ भरले. गुडघ्याच्या वांट्याला मात्र शरणागताचें गुडघे टेकणें, उतावळ्या नवरदेवाचें बाशिंग आणि मूर्खाची अक्कल एवढींच आलीं. वास्तविक आपल्याकडचा संसार उभा राहिला तो गुडघ्यांवर. चुलीपुढें बसणें, जात्याला बसणें, सारवणें, निवडणें, वाढणें, मुलांना न्हाऊं घालणें, देवापुढें बसणें. खुर्ची नांवाच्या वस्तूशीं पिढ्यानुपिढ्या संबंध न आलेल्या घरांत बाईचा दिवस म्हणजे शंभर वेळां खालीं बसणें आणि शंभर वेळां उठणें. पुरुषांनीं या उठाबशांचा हिशेब कधीं ठेवला नाहीं. गुडघ्यांनीं तो ठेवला.

माझी थोरली बहीण, आक्का, हिचें आयुष्य असेंच जमिनीलगत गेलें. ती माझ्याहून अठरा वर्षांनीं मोठी. आई गेली तेव्हां मी चार वर्षांचा होतों आणि आक्का बावीस वर्षांची. वडील, आम्ही तिघे भाऊ आणि वाईचें तें जुनें घर एका दिवसांत तिच्या पदरीं पडलें. आणि तिच्या लग्नाचा विषय प्रथम ‘या वर्षीं नको’ म्हणून लांबला, व नंतर तो कोणींच न काढल्यामुळें कायमचा मिटला. म्हणींतलें बाशिंग तिच्या गुडघ्यांनाच काय, कपाळालाहि कधीं लाभलें नाहीं. आम्ही शिकलों, नोकऱ्यांना लागलों, आमचीं लग्नें झालीं. आणि वडिलांच्या पश्चात् ती माझ्याकडे पुण्याला आली ती आजतागायत आहे.

साठीनंतर तिचे गुडघे कुरकुरूं लागले, सत्तरीनंतर ते बोलूं लागले, आणि तिला चौऱ्याहत्तरावें वर्ष लागलें तेव्हां ते ओरडत होते. आमचें बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारत जुनी म्हणून लिफ्ट नाहीं. प्रथम तिचें पर्वतीला जाणें थांबलें. मग कोपऱ्यावरचा मारुति सुटला. मग खालच्या अंगणांतला पारिजातकहि दूर झाला. देवघरांतले देव जमिनीवरून उठून टेबलावर आले. ‘देवांना उंची आली,’ असें ती हंसून म्हणाली खरी. पण त्या दिवशीं उभ्यानें पूजा करतांना तिनें मध्येंच भिंत धरली, हें मीं दारांतून पाहिलें. असें पायरीपायरीनें आंखडत आंखडत तिचें जग शेवटीं खिडकीजवळच्या एका खुर्चीएवढें झालें. मृत्यूच्या भयाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; हें जें जिवंतपणीं आंखडत जाणें, त्याचें वर्णन माझ्या वाचनांत फारसें आलें नाहीं. रात्रीं कूस बदलतांना तिच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघे, आणि तो कोणाला ऐकूं जाऊं नये म्हणून ती पदराचें टोंक दांतांत धरी, हें मला माझ्या पत्नीकडून कळलें.

उपाय झाले नाहींत असें नाहीं. निर्गुंडीचा शेक झाला, एरंडाचें पान तापवून बांधून झालें, बिब्बा घालण्याचा आग्रह धरणारी एक शेजारीणहि येऊन गेली. गोळ्या झाल्या, त्यांनीं गुडघ्यांना दिलेलें सुख पोटानें व मूत्रपिंडांनीं व्याजासह वसूल केलें. सांध्यांत स्टेरॉइडचीं इंजेक्शनें झालीं. पहिल्यानें तीन महिने दिले, दुसऱ्यानें सहा आठवडे, आणि तिसऱ्यानें कांहींच दिलें नाहीं. क्ष-किरणांचें चित्र उजेडापुढें धरून अस्थिवैद्य म्हणाले, ‘चौथी पायरी.’ केल्ग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडांतील दोन वैद्यांनीं १९५७ सालीं सांध्याच्या झिजेच्या शून्यापासून चारपर्यंत ज्या पायऱ्या ठरवून दिल्या, त्यांतली ही शेवटची. सांधा बदलणें हा तिच्यावरचा सरळ आणि उत्तम इलाज होय. ज्याला तो करतां येतो त्यानें तो करावा, याविषयीं माझ्या मनांत संदेह नाहीं. परंतु आक्काला २०२१ सालीं हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता. शस्त्रक्रियेचें नांव ऐकतांच तिच्या हृदयाच्या वैद्यांनीं मान हलविली, आणि मला बाजूस घेऊन म्हणाले, ‘टेबलावरून उठतील अशी हमी मी देणार नाहीं.’

अशा वेळीं वेदनाशमनाचेंच काम करणाऱ्या एका डॉक्टरांनीं आम्हांला तिसरी वाट दाखविली. तिचें मर्म थोडक्यांत सांगतों. गुडघ्यांतील जी कूर्चा झिजते तिच्यांत ज्ञानतंतु नसतातच. ती मुकी असते, आणि मुक्यानेंच झिजते. दुखतें तें तिच्या खालचें हाड, सांध्याभोंवतीची पिशवी आणि त्या पिशवीचें अस्तर. तेथील वार्ता वाहून नेणारे कांहीं बारीक तंतु हाडाला लगटून जातात, आणि त्यांपैकीं तिघांच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या आहेत: मांडीच्या हाडाच्या खालच्या टोंकाशीं आंतल्या बाजूस एक व बाहेरच्या बाजूस एक, आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोंकाशीं आंतल्या बाजूस एक. नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो चौथा आहे त्याच्या वाटेला सहसा जात नाहींत. कारण त्याच्या शेजारूनच पाऊल वर उचलणारी मोठी नस जाते, आणि ती दुखावली तर पाऊल लोंबूं लागावयाचें. बाकीच्या तिघांपाशीं एकेक सुई नेऊन तिच्या टोंकाशीं रेडिओ-लहरींच्या जातीची वीज सोडावयाची, आणि तेथील तंतु सुमारें ८० अंश सेल्सियसपर्यंत मिनिट-दीड मिनिट तापवावयाचा, म्हणजे तेवढ्या जागीं तो निकामी होतो व वार्ता पोंचणें थांबतें. सांधा उघडावयाचा नाहीं, हाड कापावयाचें नाहीं, आणि भूल द्यावयाची ती सुईच्या वाटेपुरती.

माझा धंदा पुस्तकें वाचण्याचा असल्यामुळें मीं प्रथम कागद मागितले. या तंत्राचा उपयोग चेहऱ्याच्या असह्य कळांवर आणि पाठीच्या सांध्यांवर १९७० नंतरच्या दशकापासून होत आलेला आहे. गुडघ्याकडे तें मागाहून वळलें. दक्षिण कोरियांतील वैद्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेली परीक्षा या बाबतींत नेहमीं सांगितली जाते. तींत रोगी अवघे अडतीस होते. निम्म्यांना खरा उपचार केला, निम्म्यांच्या बाबतींत सोपस्कार सारे तेच केले, पण तंतु तापविला नाहीं. आणि कोणाच्या वांट्याला काय आलें हें रोग्यांना सांगितलें नाहीं. बारा आठवड्यांनीं पाहतां, खरा उपचार झालेल्या सतरा जणांपैकीं दहा जणांची वेदना निदान निम्म्यानें उतरली होती. २०१८ सालीं अमेरिकेंत एकशें एक्कावन रोग्यांवर दुसरी परीक्षा झाली. तींत सुईचें टोंक पाण्यानें थंड ठेवून अधिक रुंद जागा तापविण्याची रीति एका गटाला, आणि सांध्यांत स्टेरॉइडचें इंजेक्शन दुसऱ्या गटाला, अशी वांटणी होती. सहा महिन्यांनंतर वेदना निम्म्यानें किंवा त्याहून अधिक उतरलेले लोक पहिल्या गटांत शेंकडा चौऱ्याहत्तर भरले, दुसऱ्यांत शेंकडा सोळा. हे आंकडे आशादायक खरे. पण सतरांतले सात आणि शंभरांतले सव्वीस यांना तितका गुण आला नाहीं, हेंहि त्याच आंकड्यांत लिहिलेलें आहे.

तथापि माझी अडचण आंकड्यांची नव्हती. ती तत्त्वाची होती. या उपचारानें रोग तसूभरहि कमी होत नाहीं. झिजलेला सांधा झिजलेलाच राहतो. फक्त त्याची तक्रार वरपर्यंत पोंचत नाहीं. अर्जदाराचें काम न करतां टपालवाल्यालाच दाराशीं अडविण्याचा हा प्रकार नव्हे काय? लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यानें विश्रांति आणि वेदना या विषयावर दिलेलीं व्याख्यानें १८६३ सालीं पुस्तकरूपानें निघालीं, आणि तें पुस्तक पुढें वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं वाचलें. वेदना मनुष्याला विश्रांति घ्यावयास लावते, आणि विश्रांति हीच निसर्गाची मोठी चिकित्सा आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख आहे. पुढें १८६८ सालीं पॅरिसच्या शार्को यानें ज्यांच्या पाठीच्या कण्यांतील मज्जा रोगानें बिघडली आहे अशा रोग्यांचे सांधे कसे उध्वस्त होतात याचें वर्णन केलें. अशा सांध्याला आपल्या इजेची खबरच पुरती लागत नाहीं, आणि म्हणून त्याचा मालक त्याला निर्धास्तपणें वापरून मोडून टाकतो, अशी त्याची एक उपपत्ति पुढें सांगितली गेली. आक्काचेंहि तसेंच झालें तर?

डॉक्टरांनीं माझें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें. सांध्याला संवेदना पुरविणाऱ्या अनेक शाखांपैकीं आपण दोनतीनच बंद करतों, बाकीच्या चालूच राहतात. स्नायूंना चालना देणाऱ्या मोठ्या नसांना आपण स्पर्शहि करीत नाहीं. म्हणून हा गुडघा शार्कोच्या रोग्याच्या गुडघ्यासारखा सर्वस्वीं आंधळा होत नाहीं, असें त्यांनीं समजावून सांगितलें. उत्तर सयुक्तिक होतें. पण माझा खरा निकाल घरीं लागला. आक्का वाती वळीत बसली होती. मीं तिला हिल्टनसाहेबाचा सिद्धांत सोप्या मराठींत सांगितला. तिनें हातांतली वात पुरी केली आणि म्हणाली,

‘बाळ, तुझा साहेब म्हणतो तशी विश्रांति मीं दोन वर्षें घेतली. गुडघा कांहीं बरा झाला नाहीं. मी मात्र खुर्ची झालें.’

‘पण आक्का, दुखायचें थांबलें म्हणून तूं जास्त चालशील, आणि सांधा आणखी झिजेल.’

‘झिजूं दे कीं. मी तो आतां कोणासाठीं राखून ठेवूं?’

या प्रश्नाला हिल्टनच्या पुस्तकांत उत्तर नाहीं. हिल्टनचा रोगी विश्रांति घेऊन बरा होऊन परत कामावर जाणारा आहे. जिचा सांधा बरा होणारच नाहीं आणि जिच्यापुढें वर्षें मोजकीं आहेत, तिच्यासाठीं वेदनेचा उपदेश कोणत्या उपयोगाचा, हें त्याला कोणी विचारलें नव्हतें.

त्या रात्रीं मला रामायणांतला प्रसंग आठवला. रावणानें हनुमंताच्या वधाची आज्ञा केली तेव्हां बिभीषणानें त्याला अडविलें: दूत अवध्य आहे, तो दुसऱ्याचा निरोप घेऊन येतो, त्याला हवी तर दुसरी शिक्षा कर. तेव्हां रावणानें पुच्छ पेटविण्याची आज्ञा दिली. ज्ञानतंतु हा याच अर्थानें दूत आहे, आणि या उपचारांत त्याला होणारी शिक्षाहि अगदीं हीच आहे. कारण आपण ज्याला तंतु म्हणतों तो एका पेशीची लांबच लांब शेपटी असतो. पेशी स्वतः पाठीच्या कण्याजवळ, गुडघ्यापासून दीड हातावर, सुखरूप असते. अग्नि लागतो तो शेपटीला. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानें बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापून १८५० सालीं असें दाखवून दिलें, कीं पेशीपासून तुटलेला तंतूचा भाग झडून जातो. पेशीकडचा भाग मात्र जिवंत राहतो, आणि त्याच्या टोंकाला नवा कोंब फुटून तो दिवसाला सुमारें एक मिलिमीटर या गतीनें आपली जुनी वाट शोधीत पुढें सरकतो. दूत मरत नाहीं. तो परत येतो. म्हणून हा उपचार कायमचा नाहीं, आणि डॉक्टरांनींहि तो कायमचा म्हणून सांगितला नव्हता. कोणाला सहा महिने, कोणाला वर्ष, कोणाला त्याहून अधिक. आणि वेदना परतली तर तोच उपचार पुन्हां करतां येतो, एवढेंच त्यांचें आश्वासन होतें.

आगीचें आणि सांधेदुखीचें नातें आपल्याकडे जुनें आहे. सुश्रुतानें अग्निकर्माला एक स्वतंत्र अध्याय दिला असून सांधे व हाडें यांत ठाण मांडून बसलेल्या वातदुखीवर डाग देण्याचें विधान त्यांत आहे. तापवून वापरावयाच्या वस्तूंत मध, गूळ व तेल यांचीहि गणना आहे. या प्राचीन डागण्यांत आजच्या विद्येचें बीज होतें असें म्हणण्याचा माझा बिलकुल इरादा नाहीं. तेथें तंतूंचें ज्ञान नव्हतें, सुईचें टोंक कोठें आहे हें दाखविणारें क्ष-किरणांचें यंत्र नव्हतें, आणि तुलनेसाठीं रोग्यांचा दुसरा गटहि नव्हता. पण सांधेदुखीनें जेरीस आलेला मनुष्य आगीलाहि कबूल होतो, एवढें मात्र तेव्हांहि सर्वांना माहीत होतें.

खऱ्या उपचाराआधीं एक परीक्षा करतात. त्या तीन जागीं केवळ बधिर करणारें औषध घालून पाहतात. वेदना निदान निम्म्यानें उतरली तरच पुढें जातात. २०२३ च्या जानेवारींत एके सकाळीं दहाच्या सुमारास ही परीक्षा झाली. अर्ध्या तासानें आक्का उठून उभी राहिली, चार पावलें चालली, आणि मीं तिच्या पिशवींत न सांगतां कांहीं ठेवलें असावें अशा संशयानें माझ्याकडे पाहूं लागली. घरीं आल्यावर दोन मजले ती एकदांच थांबून चढली. दुपारीं सर्वजण कलंडलेले असतांना ती कोणाला न सांगतां खालीं गेली आणि पारिजातकाच्या झाडाखालीं उभी राहून परत आली. फुलांचे दिवस तेव्हां सरले होते. तिन्हीसांजेला ती खुर्चींत येऊन बसली आणि एकाएकीं गप्प झाली. ‘पांच वाजले असतील,’ घड्याळाकडे न पाहतां ती म्हणाली. औषध उतरलें होतें. तहानलेल्या माणसाला ओंजळभर पाणी पाजून विहीर दाखविणारी ही परीक्षा मला निर्दय वाटली. परंतु तिच्याखेरीज विहिरीला पाणी आहे हें कळावें कसें?

आठ दिवसांनीं उजव्या गुडघ्याचा, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनीं डाव्या गुडघ्याचा उपचार झाला. मला बाहेर बसविलें होतें. आंतली हकीकत आक्कानें सांगितली ती अशी. सुई जागेवर गेली कीं प्रथम अगदीं हलकी वीज सोडून डॉक्टर विचारीत, ‘आजी, कुठें कळतें?’ नेहमींची कळ नेहमींच्या जागीं उठली कीं आक्का सांगे, ‘हीच ती’. ओळखपरेडींत चोरावर बोट ठेवणाऱ्या साक्षीदाराप्रमाणें. मग वीज बदलून पाऊल किंवा पोटरी उडत नाहीं ना हें पाहत, म्हणजे भलत्याच नसेला धक्का लागावयास नको. त्यानंतर थोडें बधिर करून तापविणें. प्रत्येक जागेला दीड मिनिट. तेवढ्यांत रामरक्षेचे किती श्लोक होतात हें तिनें मोजून ठेवलें होतें.

पहिला आठवडा दुखरा गेला. दुसऱ्या आठवड्यांत मीं विचारलें, तेव्हां तिनें आपल्या बालपणच्या नाण्यांत उत्तर दिलें: ‘सोळा आण्यांतले चार आणे उरले आहेत.’ वैद्यकाच्या नियतकालिकांत याच गोष्टीसाठीं दहा अंकांची मोजपट्टी वापरतात. आण्यांची मला अधिक विश्वासार्ह वाटली. त्या चार आण्यांबद्दल तिची तक्रार नव्हती. गुडघा पूर्वींसारखा दुमडत नव्हता, मांडी घालून बसणें शक्य नव्हतें. सांधा झिजलेलाच होता आणि तो तसा वागतहि होता. पण ती रात्रीं झोंपूं लागली. पदराचें टोंक कोरडें राहूं लागलें. मारुति परत मिळाला, पारिजातक परत मिळाला. आणि दिवाळींत ओट्याशीं उभी राहून तिनें अनरसे तळले.

त्याच नोव्हेंबरांत तिनें वाईला जावयाची इच्छा बोलून दाखविली. ढोल्या गणपतीचें दर्शन झाल्यावर ती घाटाकडे वळली. एका हातांत काठी आणि दुसऱ्या हातांत माझा हात धरून ती कृष्णेच्या चौदा पायऱ्या उतरली. मीं त्या मोजल्या. आई गेल्यानंतर याच पायऱ्यांवरून ती पांच माणसांचीं धुणीं काखेस मारून उतरत असे, आणि तिच्या पदराला धरून मी मागें असें. शेवटल्या कोरड्या पायरीवर मीं बरोबर आणलेली उशी ठेवली, तिच्यावर बसून तिनें पाय पाण्यांत सोडले, आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, ‘पाणी कमी झालें रे.’ वर येतांना आम्ही तीन ठिकाणीं थांबलों. दुसऱ्या दिवशीं तिचे दोन्ही गुडघे सुजले होते. त्याविषयीं तिनें एक शब्दहि काढला नाहीं, आणि मींहि हिल्टनचें नांव काढलें नाहीं.

२०२४ च्या मार्चमध्यें, म्हणजे चौदा महिन्यांनीं, उजव्या गुडघ्यांतला दूत परत आला. दोन महिन्यांत डाव्यानेंहि त्याचें अनुकरण केलें. आधीं पायरीवर, मग सपाटीवर, मग रात्रीं, असा तो आपल्या जुन्या मुक्कामांनींच आला. आक्का म्हणाली, ‘आला वाटतं.’ त्या वर्षीं श्रावणांत दोन्ही गुडघ्यांचा उपचार पुन्हां करविला. उजव्याला पूर्वींइतकाच गुण आला. डाव्याला थोडा कमी, तिच्या हिशेबानें सोळांतले सहा आणे उरले.

ज्या लेखांतून मीं हें सर्व वाचलें त्यांत ‘दीर्घकालीन आराम’ असा शब्द वारंवार येतो, आणि त्या दीर्घकालाचें माप कोठें सहा महिने, कोठें एक वर्ष, कोठें दोन वर्षें असें असतें. प्रथम मला या शब्दाचें हंसूं आलें होतें. महाविद्यालयांत चौदा महिने म्हणजे एक शैक्षणिक वर्ष आणि वर एक उन्हाळ्याची सुट्टी. आमच्या अभ्यासक्रम-समित्यांना एवढ्या काळांत एक पुस्तक बदलतां येत नाहीं. पण काल हा मोजणाऱ्याच्या शिलकीवरून लहानमोठा ठरतो. ज्याच्या हातीं चाळीस वर्षें आहेत त्याला चौदा महिने ही चिल्लर. जिच्या हातीं किती आहेत हें कोणीच सांगूं शकत नाहीं, तिला ते चौदा महिने, त्यांतील चारशेंहून अधिक रात्रींच्या झोंपेसह, लहान कसे म्हणावे?

इंग्रजींतून शिकलेल्या आम्हां लोकांच्या मनांत औषधाचे दोनच वर्ग पक्के बसलेले असतात: रोग मुळापासून काढणारें तें खरें, आणि नुसता आराम देणारें तें मनाची समजूत. आपल्या जुन्या वैद्यांनीं मात्र साध्य आणि असाध्य यांच्यामध्यें ‘याप्य’ नांवाचा एक वर्ग मानला होता. जो रोग जात नाहीं, पण उपचार चालू आहे तोंवर आवरलेला राहतो, तो याप्य. सुश्रुतानें त्यावरील उपचाराला पडूं पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकूनें घर नवें होत नाहीं, हें टेकू लावणाऱ्याला ठाऊक असतें. तरी त्या घरांत माणसें राहतात, दिवा लावतात, सणवार करतात. टेकूला लबाडी म्हणण्याचा अधिकार त्या घरांत न राहणाऱ्याला नाहीं. रोगाचें निर्मूलन ही वैद्यकाची मोठी कीर्ति खरी. पण म्हाताऱ्या माणसांच्या बहुतेक दुखण्यांत वैद्याचें काम टेकू लावण्याचें, आणि तो सरकला कीं पुन्हां लावण्याचें असतें. त्या कामाची प्रतिष्ठा आपण कमी लेखूं नये.

वेदनेच्या उपयुक्ततेचा युक्तिवाद मी आजहि सोडलेला नाहीं. कांटा रुतला तर तो कळला पाहिजे, आणि छातींत कळ आली तर ती दडपतां कामा नये. पण वेदनेनें आपली बातमी सांगावी, ती ऐकून जें करण्यासारखें असेल तें करावें, आणि करण्यासारखें कांहींच उरलें नसेल तेव्हां तिनें सभ्यपणें गप्प बसावें. आणि ती आपण होऊन गप्प बसत नसेल तर तिला गप्प बसविण्यांत नीतीचा कोणता भंग होतो, हें मला दिसत नाहीं.

डाव्या गुडघ्याचा तंतु या वेळीं केव्हां परत येईल याचा हिशेब मी अधूनमधून मनाशीं करतों. आक्का तो करीत नाहीं. तंतु आपल्या गतीनें येत आहे, दिवसाला एक मिलिमीटर. आक्काची चाल सध्यां त्याहून पुष्कळ जलद आहे.